दार चुकणार नाही अशी पाटी

मार्च २०२२ मध्ये महाराष्ट्राने दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती केली. लहान-मोठ्या सगळ्या आस्थापनांवर मराठी देवनागरी नामफलक सक्तीचा झाला आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, असंही ठरलं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये शेवटचे दोन महिने दिले, तेव्हा चालढकल करणाऱ्यांनाही पेंटर गाठावा लागला. त्याच दुरुस्तीत मद्य मिळणाऱ्या ठिकाणांसाठी आणखी एक बंधन आहे. अशा जागेला थोर व्यक्तींचं किंवा गडकिल्ल्याचं नाव देता येत नाही. बारच्या बाहेरच्या पाटीचं असं बरंचसं कायद्यानेच ठरवून टाकलं आहे.

आत, स्वच्छतागृहाच्या दाराशी, मालकाला बऱ्यापैकी मोकळीक असते. पण नागपूरच्या कितीतरी परमिट रूममध्ये हौस तिथेच आटते. रेडियमच्या दुकानातून आणलेले ‘जेन्ट्स’ आणि ‘लेडीज’ असे दोन स्टिकर लागतात आणि पहिल्या पावसाळ्यात एकाचा कोपरा सुटतो. नाहीतर मग दुसरं टोक गाठलं जातं. चित्र इतकं कल्पक असतं की गिऱ्हाईक दोन्ही दारांसमोर उभं राहून डोकं खाजवतं आणि शेवटी वेटरलाच विचारतं.

स्वतःच्या बारसाठी खास पाटी करून घेणाऱ्याने एक गोष्ट आधी मनाशी पक्की धरावी. अंधुक उजेडात, घाईत असलेल्या, दोन पेग झालेल्या आणि कदाचित मराठी न वाचणाऱ्या माणसालाही आपलं दार कोणतं ते एका नजरेत कळलं पाहिजे. गंमत, कलाकुसर, वैदर्भीय ठसका हे सगळं त्यानंतर. हा क्रम उलटला की पहिला त्रास बाईला होतो. चुकून बायकांच्या दारात शिरलेला पुरुष टेबलावर परत येऊन तो किस्सा म्हणून सांगतो. आत असलेल्या बाईसाठी तो किस्सा नसतो.

शब्दांपासून सुरुवात करावी. आयर्लंडच्या पबमधलं एक उदाहरण या कामात नेहमी दिलं जातं. आयरिश भाषेत पुरुषांना ‘फिर’ आणि स्त्रियांना ‘म्ना’ म्हणतात, आणि दारांवर हेच शब्द रोमन अक्षरांत लिहिलेले असतात. बाहेरून आलेला प्रवासी पहिलं अक्षर ‘एफ’ बघतो, त्याला बायकांचं दार समजतो, आणि ‘एम’वाल्या दारातून थेट बायकांत जातो. नागपूर चारी दिशांच्या रेल्वेचं जंक्शन आहे. इथल्या टेबलांवर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातली माणसं बसलेली असतात. दारावर नुसता ‘म’ लिहिला तर तो महिलांचा की मर्दांचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं. एका अक्षराच्या पाट्या टाळाव्यात.

नागपुरी बोलीचा मोह मात्र खरा आहे, आणि तो दाबून टाकायचं कारणही नाही. फक्त जोडी निवडताना दोन्ही शब्द शेजारी लिहून दुरून बघावेत. ‘पोट्टे’ आणि ‘पोट्ट्या’ ही जोडी ऐकायला झकास वाटते. पण दोन्ही शब्द जवळजवळ सारखे दिसतात, फरक तेवढा शेपटाकडे. ‘बापे’ आणि ‘बाया’ दोन्ही ‘बा’नेच सुरू होतात. ‘भाऊ’ आणि ‘ताई’ ही जोडी या परीक्षेत उतरते. आरंभ वेगळा, आकार वेगळा, आणि नागपुरातला वेटर गिऱ्हाइकाला याच शब्दांनी हाक मारतो, त्यामुळे आपलेपणा आणि मान दोन्ही येतात. सगळ्यात बरं म्हणजे ‘महिला’ आणि ‘पुरुष’ हे मोठ्या अक्षरांत, खाली लहान ओळीत बोलीतली गंमत, आणि सोबत चित्र. पुरुषांच्या दारावर ‘इकडून ये बे’ चालून जाईल. बायकांच्या दारावर ‘बे’ नको.

बायका फार बोलतात किंवा फार वेळ लावतात, असली विनोदी पाटी इंटरनेटवर तयार मिळते. ती लावू नये. जिथे बाई आधीच चार नजरा चुकवत पोहोचते, तिथे तिच्यावरच विनोद करून तिचं स्वागत होत नाही.

आता चित्र. पाय फाकवून उभा पुरुष आणि झग्यातली बाई ही जगभर दिसणारी जोडी ज्या संचामुळे रुळली, तो अमेरिकेच्या परिवहन खात्यासाठी तिथल्या ग्राफिक कलावंतांच्या संस्थेने १९७४ मध्ये काढला. रॉजर कुक आणि डॉन शनॉस्की यांच्या स्टुडिओने तो रेखाटला. आधी ३४ चिन्हं होती, १९७९ मध्ये ती ५० झाली, आणि ती कुणालाही विनामूल्य वापरता येतात. बिनडोक नक्कल नको असेल तरी पाया म्हणून ती उत्तम. आपल्याकडे एसटी स्टँडवर आणि सार्वजनिक शौचालयांवर वेगळीच परंपरा आहे. तिथे पेंटरने रंगवलेले दोन चेहरे असतात, एक मिशीवाला आणि एक अंबाडा नि टिकली असलेली. अक्षर न वाचणाऱ्यालाही ते समजतात, आणि बारमध्ये चांगल्या हाताने काढले तर फार देखणे दिसतात.

नुसती मिशी आणि नुसती नथ अशी जोडी अनेकांना सुचते. कागदावर ती सुरेख दिसते. पण दोन्ही वळणदार, दोन्ही लहान, आणि रायपूरहून आलेल्या माणसाला नथीचा आकार लगेच लागेलच असं नाही. पूर्ण चेहरा काढावा: फेटा आणि मिशी एकीकडे, अंबाडा आणि नथ दुसरीकडे. संत्र्याचा गोल पाटीचा आकार म्हणून घेता येतो. इथे कॅलिफोर्नियाच्या नियमातली एक युक्ती उपयोगी पडते. तिथे बायकांच्या दारावर १२ इंच व्यासाचं वर्तुळ आणि पुरुषांच्या दारावर १२ इंच बाजूंचा त्रिकोण लावावा लागतो, म्हणजे कमी दिसणाऱ्यालाही आकारावरून दार ओळखता येतं. दोन्ही पाट्या गोल करण्यापेक्षा संत्रं बायकांच्या दारावर आणि त्रिकोण पुरुषांच्या दारावर ठेवला, तर रंग उडाला तरी फरक शिल्लक राहतो.

मारबत-बडग्या या पुतळ्यांची जोडी दारांवर काढावी, ही कल्पना नागपूरकराला सुचणारच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी त्यांची मिरवणूक एकोणिसाव्या शतकापासून शहराची ओळख आहे, आणि बाई-बाप्याची जोडी आयतीच तयार आहे. तरीही ती इथे नको. मारबतीची पूजा होते, लोक तिच्यासमोर नवस बोलतात. देवदेवता, संत, राजे-राण्या यांनाही याच न्यायाने दूर ठेवावं. गडकिल्ल्यांबद्दलचा कायदा नामफलकापुरता असला तरी त्यामागची भावना संडासाच्या दारापाशी संपत नाही.

सिनेमातल्या नटनट्यांचे फोटो हा आणखी एक आवडता मार्ग. तोही सोडावा. दिल्ली उच्च न्यायालयाने अमिताभ बच्चन यांचं नाव, छबी, आवाज परवानगीवाचून वापरण्यास २०२२ मध्ये मनाई केली, आणि २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या बाबतीतही तसाच आदेश दिला. छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराकडे असतो, ती गोष्ट वेगळीच. शहरातल्या एखाद्या चित्रकला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याकडून दोन मूळ चेहरे काढून घ्यावेत, त्याला मोबदला द्यावा आणि वापराची परवानगी लेखी घ्यावी.

अक्षरांकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि पाटी तिथेच बिघडते. घरच्या संगणकावर ‘महिला’ नीट दिसतं. पण छपाईवाल्याकडच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की वेलांटी घसरते. कधी ती ‘ह’च्या पुढे जाऊन ‘ल’वर बसते, कधी मागे सरकून ‘मिहला’ होतं. जुने फॉन्ट आणि युनिकोड यांचं जमत नाही, त्याचा हा प्रकार. फाइल देताना अक्षरांचं रूपांतर रेषांमध्ये करून द्यावं, छपाईवाले त्याला ‘कर्व्ह’ म्हणतात. मग तिकडे फॉन्ट असो-नसो, आकार बदलत नाही. सोबत एक कागदी प्रत द्यावी, आणि कापण्याआधी पडद्यावरचा मजकूर स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा.

फॉन्टसाठी पैसे मोजायची गरज नाही. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेले मुक्त, बलू आणि मोदक हे देवनागरी फॉन्ट मोफत आहेत आणि धंद्यासाठीही वापरता येतात. मुक्त सरळ, स्वच्छ आणि अनेक जाडींत मिळतो. बलू गुबगुबीत आणि हसरा. मोदक तर इतका फुगीर की अक्षरांतल्या पोकळ्या चिरेइतक्या उरतात. मोठ्या भिंतीवर तो बहार आणतो, पण अंधारातल्या वीतभर पाटीवर नुसते ठिपके दिसतात. मराठी वळणाचा ‘ल’ हवा असेल, म्हणजे वरून देठ निघालेला दोन पाकळ्यांचा, तर टिरो देवनागरी मराठी बघावा. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात वर्णमालेची जी प्रमाण वळणं दिली त्यात हाच ‘ल’ आहे, आणि ‘महिला’ या शब्दात तो नजरेसमोरच येतो. मात्र टिरोच्या बारीक रेषा मंद उजेडात हरवतात, म्हणून अक्षर मोठं घ्यावं. ज्याला फॉन्टच नको, त्याने कमल शेडगे यांनी मराठी नाटकांसाठी केलेली शीर्षकं समोर ठेवून बघावीत. शब्दाचा अर्थ त्याच्या आकारातच कसा उतरवता येतो, हे त्यांच्याइतकं क्वचितच कुणी दाखवलं असेल.

आकाराचा जुना ठोकताळा सोपा आहे: दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर किमान एक इंच उंच. बारमधल्या उजेडात तो दुप्पट धरावा. आणि हा इंच शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावा. वेलांट्या आणि उकार यांची जागा वेगळी सोडावी. नाहीतर ‘पुरुष’मधले उकार पाटीच्या कडेला टेकतात.

साहित्याच्या बाबतीत नागपूरकराचं नशीब थोर आहे. हा सागवानाचा मुलूख. २०२३ मध्ये उघडलेल्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं. लकडगंजमध्ये आरा मशीनवर किंवा फर्निचरवाल्याकडे दोन पाट्यांपुरते तुकडे सहज मिळतात. साधारण पाऊण इंच जाडीची, आठ बाय दहा इंचांची, पूर्ण वाळलेली फळी निवडावी. ओली फळी मे महिन्यात तडकते. आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून तिला सीलरचा एक हात द्यावा. हा टप्पा घाईत गाळला जातो आणि तिथेच काम फसतं, कारण सीलर नसला की रंग लाकडाच्या रेषांतून झिरपतो आणि अक्षराला मिशा फुटतात. सीलर वाळल्यावर सीएनसीवाल्याकडून अक्षरं तीन-चार मिलिमीटर खोल कोरून घ्यावीत आणि कोरलेल्या खाचांनाही सीलरचा एक हात द्यावा. खोलगट जागेत ऑइल पेंट भरावा, थोडा बाहेर सांडला तरी हरकत नाही. एक दिवस पूर्ण वाळू द्यावा आणि मग वरचा पृष्ठभाग हलक्या हाताने घासावा. सांडलेला रंग निघून जातो, कोरलेला तेवढा उरतो, आणि काठ सुरीने कापल्यासारखे स्वच्छ येतात. शेवटी पीयू पॉलिशचे दोन हात.

कोरायचं नसेल तर हाताने रंगवावी. अक्षर खऱ्या आकारात कागदावर छापावं, कागदाच्या मागे खडू चोळावा, तो पाटीवर चिकटवून बॉलपेनने कडा गिरवाव्यात. कागद उचलला की खडूची पुसट रेघ फळीवर उतरलेली असते. हात स्थिर नसेल तर एवढं करून पुढचं काम जुन्या पेंटरला द्यावं. फ्लेक्सने त्यांचं बरंच काम खाल्लं, पण गाड्यांचे आणि दुकानांचे बोर्ड अजून रंगवणारे हात शहरात आहेत.

पत्र्यातून किंवा अॅक्रिलिकमधून अक्षरं कापून घ्यायची असतील तर देवनागरीचा एक मोठा फायदा आहे: शिरोरेषा. रोमन शब्दाची अक्षरं एकेक वेगळी चिकटवावी लागतात. ‘महिला’ आणि ‘पुरुष’ मात्र शिरोरेषेला धरून अख्खे एका तुकड्यात निघतात. अनुस्वार असलेला शब्द आला की टिंब सुटं पडतं. ‘स्त्रियांसाठी’ किंवा ‘दिव्यांग’ कापताना ते टिंब मागच्या पाटीवर वेगळं लावावं लागतं, आणि तेच पहिलं गळतं. उलट, पत्र्यात अक्षराच्या आकाराचं भोक पाडून मागून दिवा लावायचा असेल तर ‘म’, ‘प’, ‘ष’ यांच्या पोटातले तुकडे खाली पडतात. तिथे दोन-तीन मिलिमीटरचे जोड सोडायला सांगावं.

लेझर कटिंगला अॅक्रिलिक चांगलं. सनबोर्ड मात्र चुकूनही लेझरवर देऊ नये. तो पीव्हीसीचा असतो आणि जळताना त्यातून क्लोरिनयुक्त विषारी वायू निघतो. अॅक्रिलिकचीही एक खोड आहे. लेझरने कापलेल्या कडेला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लागलं की बारीक चिरा पडतात, आणि बारमध्ये अल्कोहोल लागणार नाही अशी जागा कुठली? पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, असं सफाई करणाऱ्याला सांगून ठेवावं.

पितळेचं वेड असेल तर शेजारचं भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं आहे. पितळी अक्षरं सागवानावर फार शोभतात. अमोनिया असलेल्या क्लीनरने ती काळवंडतात, म्हणून वर लॅकर मारून घ्यावं.

रंग ठरवताना बारमधला दिवा लावूनच ठरवावा. पांढऱ्यावर लाल अक्षर दुकानात झळकतं, पण लाल दिव्याखाली लाल आणि पांढरं सारखंच दिसतं आणि मजकूर चक्क नाहीसा होतो. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे पुरुषही पुष्कळ असतात, त्यामुळे ‘एक लाल दार, एक हिरवं दार’ एवढ्यावर विसंबू नये. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघावा. अक्षर तरीही उठून दिसलं तर रंग पास. पृष्ठभाग चकचकीत नको, मॅट हवा. नाहीतर एलईडीचा झोत नेमका अक्षरावर पडून चमकतो.

पाटी लावायची कुठे, याचं उत्तर बहुतेकांना दारावर असंच वाटतं. पण दार आत उघडतं आणि उघडंच राहिलं तर पाटीही आत जाते. अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकांप्रमाणे स्पर्शाने वाचायची पाटी कडीच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण १२२० ते १५२५ मिलिमीटरच्या पट्ट्यात लावतात. हा नियम नागपुरातही तितकाच शहाणपणाचा आहे. दारावर मोठं चित्र आणि शेजारच्या भिंतीवर उठावाची लहान पाटी, अशी जोडी करावी. ब्रेल घालायचं ठरवलं तर भारती ब्रेलमधला मजकूर अंधशाळेतल्या शिक्षकाकडून वाचून घेतल्याशिवाय बनवू नये. चुकीचं ब्रेल डोळस माणसाला कधीच दिसत नाही. बोळातून जावं लागत असेल तर भिंतीला काटकोनात उभी राहणारी छोटी पाटी लावावी, ती टेबलावरूनही दिसते.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि जूनमध्ये कूलरची दमट हवा बंद बोळात साचते. डिस्टेंपरच्या भिंतीवर दुहेरी टेप टिकत नाही. रावल प्लग आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत, आणि लाकडी पाटीला भोक किंचित मोठं पाडावं, म्हणजे फळी फुगली-आकसली तरी फाटत नाही. आणखी एक पाटी जवळजवळ कुणीच करत नाही: ‘पायरी आहे’. आपल्याकडच्या स्वच्छतागृहाला पाणी अडवायला उंबरा किंवा खालची पायरी असतेच. तिच्या कडेला पिवळा पट्टा आणि हँडलजवळ दोन शब्द, एवढ्याने पिऊन आलेल्या माणसाचं डोकं फुटायचं वाचतं.

जागा एकाच स्वच्छतागृहाची असेल तर उगाच दोन पाट्यांचा घाट घालू नये. ‘स्वच्छतागृह’ ही एकच पाटी, आतून कडी लावली की बाहेर ‘आत कोणी आहे’ दिसेल असं लॅच, आणि आत झाकणाची कचरापेटी, हे पुरेसं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख दिली, तेव्हापासून ‘सर्वांसाठी’ लिहिलेलं दार ही सौजन्याच्याही पुढची गोष्ट झाली आहे. ‘महिला’ची पाटी लावून आत मात्र रिकाम्या क्रेट रचणं, हे फॅमिली सेक्शनवाल्या काही बारमध्येही चालतं. तसं असेल तर आधी क्रेट हलवाव्यात, पाटी नंतर करावी.

पक्की पाटी बनवण्याआधी कागदी प्रत आठवडाभर लावून ठेवावी. शनिवारी रात्री गर्दीच्या वेळी वेटरने फक्त एवढंच बघावं: दारापाशी कोण थबकतं, कोण परत फिरतं, कोण विचारतं. थबकणारे दोन-चार दिसले तरी चित्र बदलावं. रंग, लाकूड, पितळ यांचा खर्च त्यानंतर. पाटी पसंत पडली की तिची रेषांमध्ये रूपांतर केलेली फाइल, रंगांचे नंबर आणि स्क्रूचं माप एका पाकिटात घालून गल्ल्यात ठेवावं, आणि प्रत्येक पाटीची एक जादा प्रत त्याच वेळी करून घ्यावी. दोन वर्षांनी एकच पाटी नव्याने केली तर लाकडाचा रंग जुन्या पाटीशी जुळत नाही.